रुमालाखालचा हात

जिनिंगच्या संघाचा गोलकीपर किसन यानं रेफरी वहीद खान यांना फसवलं. चोरून नाही, भर मैदानात, छावणीच्या अख्ख्या बाजारासमोर फसवलं. त्या फसवणुकीला लागणारा आवाज माझा होता, हेही आत्ताच सांगून टाकतो. माल विकताना खोट आधी दाखवावी आणि गुण मागाहून सांगावेत, असं म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात मी पन्नास वर्षं काढली आणि एकदाही तसं केलं नाही. पण हे पुस्तक आहे, ट्रॅक्टर नाही, आणि मला यातून काही खपवायचं नाही.

आमचं घर छावणीत, गुरांच्या बाजाराच्या अगदी कडेला. दोन खोल्या आणि त्यांच्याहून मोठा गोठा. आमचा स्वतःचा बैल एकच, पण गोठा कधी रिकामा नसायचा. विकलेले, विकायचे, विकता विकता फिसकटलेले असे लोकांचे बैल तिथं बांधलेले असत, त्यामुळं रात्रंदिवस घुंगरांचा आणि रवंथाचा आवाज. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही. आम्हाला दुसरीकडं गेलो की लागायची नाही. माझे वडील, आबा, बैलांचे दलाल. सिल्लोड, बिडकीन, करमाड, कुठून कुठून माणसं गुरुवारी जनावरं घेऊन यायची आणि आबांना शोधत फिरायची. माय घरात ज्वारीच्या भाकऱ्या थापत असायची आणि चुलीवर येसराचा मसाला घातलेली आमटी रटरटत असायची. बाजारच्या दिवशी जेवायला किती माणसं येतील याचा नेम नसे, म्हणून आमटीत पाणी किती घालायचं हे माय दारातून आत येणाऱ्या पायताणांकडं बघून ठरवायची.

आमच्या घरात कुठलाही शब्द शेवटचा नसायचा. आबा सौद्यात म्हणायचे, "आता शेवटचं सांगा," आणि त्याचा अर्थ आता सुरुवात करा असा असे. माय कासाराशी बांगड्यांवरून घासाघीस करायची आणि ठरल्यावर आणखी एक बांगडी हातात चढवून घ्यायची. मीसुद्धा भाकरीवरच्या ठेच्यासाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी, शाळा बुडवण्यासाठी भाव करत वाढलो. मारसुद्धा कमी करून घ्यायचो. आबांनी पायताण उचललं की मी म्हणायचो, "दोनच मारा आन पाटीभर शेण भरतो." बऱ्याचदा ते ऐकायचे. त्यांना वाटायचं पोरगं धंद्यात पडेल. मला मात्र तेव्हा अशा एका माणसाचं वेड लागलं, ज्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हाच शेवटचा असायचा.

वहीद खान निजामाच्या फौजेत होते. तिथंच फुटबॉल खेळले आणि तिथंच पंचगिरी शिकले. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, तेव्हा मी पाळण्यात होतो. फौज मोडल्यावर कुणी टांगा चालवायला लागलं, कुणी विड्यांचं दुकान टाकलं. वहीदसाहेबांनी शिट्टी धरली. आमच्याकडं, जालन्याला, परभणीला, नांदेडला, जिथं स्पर्धा असेल तिथं त्यांना बोलावणं जायचं आणि सामन्यामागं मेहनताना मिळायचा. त्यावर घर चालवणारा माझ्या माहितीतला तो एकच माणूस. आजूबाजूची पोरं गोल मारणाऱ्यांची नावं घ्यायची. मी शिट्टी मारणाऱ्याचं घ्यायचो. त्याबद्दल माझी चेष्टा व्हायची. "लग्नात सगळे नवरी बघतेत, हे बेणं भटजीकडं बघतंय," असं शेजारचा एक जण म्हणाला होता आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

पण ते बघण्यासारखेच होते, त्याला माझा इलाज नाही. अंगानं किडकिडीत, वय पंचेचाळिशीच्या पुढं, मिशा काळ्याभोर आणि चड्डीला अशी इस्त्री की घडीवर बोट कापावं. मोजे गुडघ्यापर्यंत, दोन्ही एकाच उंचीवर. सामन्याआधी ते गोलाची जाळी हातानं ओढून बघायचे, चेंडू खांद्याएवढ्या उंचीवरून टाकून त्याची उसळी बघायचे आणि मग मधल्या वर्तुळात उभे राहून आकाशाकडं एकदा नजर टाकायचे. मला वाटायचं, ते तिथलंही काहीतरी तपासतायत. त्यांच्या शिट्टीला बोली होती. साधा फाउल असला की आखूड, ऑफसाइडला लांब, आणि कुणी मुद्दाम तंगडी घातली की अशी चिरकायची की आमच्या गोठ्यातले बैल मान वर करायचे. त्यानंतर मैदानभर ओरडा व्हायचा, खेळाडू त्यांच्याभोवती जमायचे, हातवारे करायचे, शपथा घ्यायचे. वहीदसाहेब हात पाठीमागं बांधून, पाऊस थांबायची वाट बघणाऱ्या माणसासारखे उभे राहायचे. पाऊस थांबायचा. खेळ पुढं सुरू व्हायचा.

मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोललो तो प्रसंग माझ्या स्वभावाला धरूनच होता. त्यांनी छावणीच्या संघाला पेनल्टी नाकारली होती. मध्यंतरात ते रेषेजवळ पाणी प्यायला आले, तेव्हा मी अदबीनं पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, पेनल्टी ऱ्हाऊ द्या. निदान कॉर्नर तरी द्या आमाला."

त्यांनी पेला खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "किसके बेटे तुम?"

मी आबांचं नाव सांगितलं.

"हौ, तभी," ते म्हणाले. "मियाँ, ये मैदान है, मंडी नक्को समझो." आणि उरलेलं पाणी त्यांनी मला प्यायला दिलं. त्या पेल्याची मी चार दिवस फुशारकी मारली.

मग मीही घरात पंच झालो. पत्र्याची एक शिट्टी मिळवली आणि गळ्यात सुतळीनं अडकवली. आबांनी मायच्या आधी दुसरी भाकरी घेतली की शिट्टी. मायनं शेजारणीबद्दल जरा वाढवून सांगितलं की शिट्टी. एका गुरुवारी एक दलाल म्हाताऱ्या बैलाचे दात दाखवताना शेतकऱ्याचा अंगठा स्वतःच्या हातानं भलतीकडंच फिरवत होता, तेव्हा मी त्याच्या कानाशी जाऊन लांब शिट्टी मारली आणि हात वर केला. त्यानं मला कानफटात मारली. मी गाल चोळत त्याला मैदानाबाहेर जायची खूण केली. दुसरी कानफटात आबांची होती.

आबा रागावले होते ते बैलासाठी नाही, तर धंद्याचा रिवाज मोडला म्हणून. बाजारात सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्या वतीनं दलाल, एकमेकांचा हात हातात घेत आणि वरून रुमाल नाहीतर धोतराचा सोगा टाकत. त्या रुमालाखाली बोटं बोलायची. किती बोटं धरली, कुठलं दाबलं, त्यावर आकडा. समोरच्याला पटलं नाही तर तो मान हलवी, बोटं पुन्हा धरली जात. पटलं की मान डोलवी आणि हात सुटत. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राही. निदान रिवाज असं म्हणायचा. पण आबांना दुसऱ्यांचे सौदे वाचता यायचे आणि ती विद्या त्यांनी मला दिली होती. "रुमालाकडं काय बघतूस?" ते म्हणायचे. "रुमाल मुका असतो लेका. कोपराकडं बघ. आन दुसऱ्याच्या तोंडाकडं." चौदा-पंधरा वर्षांचा होईतो मी कोपर बघून चार सौद्यांतले तीन बरोबर सांगायचो. त्याचा मला गर्व होता. शाळेत कुणाला पाढे यायचे, मला हे यायचं.

त्या वर्षीचा अंतिम सामना छावणी आणि जिनिंग यांच्यात होता. जिनिंग म्हणजे कापसाच्या कारखान्यातल्या कामगार पोरांचा संघ. सामना नेमका गुरुवारी ठेवलेला. त्यामुळं जनावरं विकून मोकळी झालेली, न विकल्यामुळं चिडलेली, हातात भज्यांचे पुडे आणि जिलेबीचे द्रोण घेतलेली सगळी बाजारातली माणसं उन्हं कलल्यावर मैदानावर येऊन बसली. त्यातल्या निम्म्यांना चेंडू कुठल्या बाजूला मारायचा हेही ठाऊक नव्हतं. आबा आले होते. मी त्यांच्या पुढ्यात, अगदी रेषेला खेटून. किसनला मी ओळखत होतो. वीस-एकवीस वर्षांचा, लांब हातांचा, हसरा. कारखान्यात बदली कामगार होता. चषक आणला तर त्याला कायम करू असं मॅनेजरनं सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, आणि ही गोष्ट गावभर माहीत होती. त्या दिवशी तो भिंतीसारखा उभा होता. त्याच्याकडं कितीही चेंडू मारा, परत येत होते.

एक-एक अशी बरोबरी होती आणि वेळ थोडा उरला होता. छावणीच्या फॉरवर्डनं जवळून चेंडू हाणला, किसननं झेप घेऊन अडवला आणि तो बाहेर गेला. किसन उठला तो हात पोटाशी धरून. वहीदसाहेब त्याच्याजवळ गेले. दोघं दोन वाक्यं बोलले. मग वहीदसाहेबांनी खिशातून आपला मोठा पांढरा रुमाल काढला, किसनच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात त्या रुमालाखाली घातला.

मला आजही ते स्पष्ट दिसतं. वहीदसाहेबांचं कोपर हललं. एक बोट धरलं. थांबले. दुसरं धरलं. तिसरं धरलं, दाबलं. किसननं तोंड वाकडं करून मान हलवली. नाही. वहीदसाहेब काहीतरी बोलले, पुन्हा कोपर हललं, पुन्हा बोट. किसननं या वेळी मान डोलवली. हात सुटले. रुमाल घडी होऊन खिशात गेला.

मी मागं वळून आबांकडं बघितलं, तर आबाही कोपरच बघत होते. एवढंच नाही, आमच्या बाजूला बसलेली सगळी बाजाराची माणसं चघळायची थांबली होती.

दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू छावणीच्या फॉरवर्डनं गोलात घातला. मैदान उठून उभं राहिलं. आणि आखूड शिट्टी झाली. वहीदसाहेबांनी आपल्या दंडावर हात मारून दाखवला: चेंडू हाताला लागला, गोल नाही. खरंच लागला होता. मी दहा हातांवर होतो, मला दिसलं होतं. पण त्या क्षणी मला ते दिसलेलं नको होतं. ज्या एका माणसाशी भाव होत नाही असं मी जगाला सांगत फिरत होतो, तो माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच बापाच्या पद्धतीनं भाव करून आला होता. गोल गेल्याचं दुःख मला नव्हतंच. मी रेषेवर उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सौदा झाला! रुमालाखाली सौदा झाला!"

दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी विचारलं असतं, कसला सौदा, कसला रुमाल? छावणीत गुरुवारी कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. सगळ्यांनी तेच वाचलं होतं. माणसं मैदानात घुसली. आणि रागाच्या भरातही त्यांच्यातला धंदा काही सुटला नाही. एक जण ओरडला, "दोनशेला ठरला!" दुसरा म्हणाला, "कामून दोनशे? तिसरं बोट दाबलं की त्यानं. तीनशे!" "तीनशात जोडी येती खिल्लारी, एका गोलाला कोण देतंय?" बिडकीनच्या एका म्हाताऱ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की पहिला आकडा किसनला पटला नाही, म्हणून साहेबांनी वाढवून दिला. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की या हिशेबानं पंचच गोलकीपरला पैसे देतोय. त्यावर थोडा वाद झाला, पण राग काही कमी झाला नाही.

स्पर्धेच्या कमिटीचे सेक्रेटरी धोतर सावरत आत आले. त्यांनी सगळ्यांसमोर वहीदसाहेबांना विचारलं, "रुमालाखाली काय चाललं होतं, सांगता का?"

वहीदसाहेबांनी किसनकडं बघितलं. निवाडा करताना ते कुणाच्या तोंडाकडं बघत नसत, म्हणून ते बघणं माझ्या लक्षात राहिलं. ते वाट बघत होते.

किसनचा उजवा हात बनियनच्या आत होता. तो म्हणाला, "मला काय म्हाईत? साहेबांनीच हात धरला माझा."

बस, एवढंच बोलला. वहीदसाहेबांनी गळ्यातली शिट्टी काढली, सेक्रेटरींच्या हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत चालायला लागले. माझ्याजवळून गेले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कुणीतरी फेकलेल्या जिलेबीचा पाक होता. कमिटीनं तिथंच जाहीर केलं की सामना रद्द, आइतवारी पुन्हा होईल, आणि वहीद खान यांना यापुढं स्पर्धेत घेणार नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मला खाली उतरायचं होतं.

आइतवारचा सामना जिनिंगनं जिंकला. किसननं पुन्हा सगळं अडवलं, पण त्या दिवशी त्यानं हातमोजे घातले होते. लोकरीचे. उन्हानं मैदानाला भेगा पडलेल्या आणि हा लोकरीचे मोजे घालून उभा. मी आबांना म्हणालो, "थंडी वाजती का त्याला?" आबा म्हणाले, "फ्याशन असंल." आबांना सगळ्या न कळणाऱ्या गोष्टी फॅशन वाटायच्या.

सोमवारी आमच्या गोठ्यातला एक बैल लंगडायला लागला म्हणून मी त्याला हाडवैद्याकडं नेला. छावणीतले हे वैद्य बैलांचीही हाडं बसवत आणि माणसांचीही, एकाच ओसरीवर. तिथं किसन बसला होता. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वांग्यासारखं सुजून काळं पडलं होतं आणि वैद्य त्याला बांबूच्या कामट्या बांधत शिव्या देत होते. "गुरुवारी रातीला तुला काय म्हणलो मी? हलवू नको म्हणलो का नाय? ह्यो गेला बॉल अडवायला! आरं, त्या रेफरीला कळलं, तुला कळंना? त्यानं तिथंच चाचपून सांगितलं व्हतं ना, मोडलंय, भाईर जा म्हणून?"

किसननं मला बघितलं. उरलेलं मी त्याच्याकडूनच काढून घेतलं.

त्या काळी बदली खेळाडू नसे. गोलकीपर बाहेर गेला तर संघ दहा जणांवर यायचा आणि कुणीतरी फॉरवर्ड गोलात उभा राहायचा. बोट मोडलंय हे छावणीला कळलं असतं तर त्यांनी सगळे चेंडू त्याच बाजूला मारले असते. म्हणून किसननं गयावया केली होती, कुणाला दाखवू नका, कुणाला सांगू नका. आणि वहीदसाहेबांनी स्वतःच्या रुमालानं त्याचा हात झाकला होता, एकेक बोट चाचपलं होतं, दुखतं का विचारलं होतं, बाहेर जातोस का विचारलं होतं; मान हलली. खेळशील का विचारलं होतं, मान डोलली. इतकाच तो सौदा.

मी बैल तिथंच सोडला आणि किसनची गचांडी धरली. "खोटं बोललास तू! त्यांच्यासमोर खोटं बोललास!"

त्यानं माझा हात डाव्या हातानं सोडवला. "वरडला कोण?" तो म्हणाला. "मी वरडलो का तू?"

मी घरी येऊन आबांना सांगितलं. म्हणालो, "चला, दोघं जाऊ आन माफी मागू." आबा तंबाखू मळत म्हणाले, "आपलं काय चुकलं? कोपर तसंच हललं. समद्यांनी तेच वाचलं."

"पर तसं नव्हतं ना!"

"आरं, दलालानं एकदा आकडा बोलला की माघारी घ्यायचा नसतो. घेतला की बाजारात पत जाती."

माय चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही, भाकरी उलटत म्हणाली, "त्याची गेली की वो पत. त्याला कुठला बाजार हाय दुसरा?" आबा उठून गोठ्यात गेले. मी एकटाच निघालो.

वहीदसाहेब एका खोलीत राहायचे. त्यांच्या बीबीनं दार उघडलं. आत खलियाचा, मटणाच्या रश्श्याचा वास भरला होता आणि ते जमिनीवर बसून शिट्टी नसलेली दोरी गुंडाळत होते. मी सगळं एका दमात सांगितलं: कोपर, बोटं, मान, वैद्य. मला वाटलं, ते मारतील. ते ऐकता ऐकता पुढं सरकले.

"ठैरो. कोपर देखे तुम? हाथ नहीं?"

"हात दिसत नाय साहेब. कोपरच बघायचं असतं."

"दिखाओ."

मग त्यांनी रुमाल काढला आणि मी त्यांना रुमालाखालचा सगळा रिवाज शिकवला. त्यांनी माझी बोटं धरून आकडा विचारला, मी सांगितला. त्यांनी दुसरा धरला, मी सांगितला. बीबी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. तिसऱ्या खेपेला तेही हसायला लागले. "या अल्ला," ते म्हणाले, "मैं उसकी हड्डी देख रा था, और पूरी छावनी मेरी कीमत देख रई थी!" त्यांना हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

मी म्हणालो, कमिटीला जाऊन सांगतो. किसनचं बोट अजून काळं आहे. ते गंभीर झाले. किसनला जबान दिली होती, ती मैदानावरची गोष्ट, ते स्वतः काही बोलणार नाहीत. "तुम सच बोलो, मैं ना नहीं बोलता," ते म्हणाले. "मगर मेरे नाम पे भाव नक्को करना."

मी हो म्हणालो. आणि सेक्रेटरींकडं जाऊन मी नेमकं तेच केलं. करायचं म्हणून केलं नाही. मला दुसरं काही येतच नव्हतं. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, असेलही तसं, पण कमिटीनं निर्णय जाहीर केलाय, कमिटीचं तोंड कसं काळं करायचं? खान यांनी माफीचं पत्र लिहून द्यावं, मग बघू. मी म्हणालो, माफी नाही. ते म्हणाले, मग दिलगिरी. मी म्हणालो, दिलगिरी कशाची? हात बघितल्याची? त्यांचा चहा आला, गेला. मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, आवाज चढवला, आवाज उतरवला. दुपार कलेपर्यंत मी त्यांना पानभर माफीवरून एका ओळीवर आणलं: ‘गैरसमज झाला याचे वाईट वाटते.’ खाली फक्त सही. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा सौदा आणि आजही मी म्हणतो की तो उत्तम होता. त्याहून खाली तो माणूस येण्यासारखा नव्हता.

कागद घेऊन मी पळत गेलो. वहीदसाहेबांनी तो वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून माझ्या खिशात ठेवला, अगदी नीट, कोपरे जुळवून. "मियाँ," ते म्हणाले, "गलती करता तो पूरा पन्ना लिखता. नहीं किया, तो एक लफ्ज़ भी ज़्यादा है."

"पर साहेब, एकच वळ हाय! वाईट वाटतं एवढंच!"

"तुम को वाटतं?"

"व्हय."

"तो तुम सही करो," ते म्हणाले, आणि मला चहा दिला. महिन्याभरात ते हैदराबादला भावाकडं निघून गेले. तिथं त्यांनी पुन्हा पंचगिरी केली की नाही, मला कळलं नाही. मी पुढं कामासाठी हैदराबादला कितीतरी वेळा गेलो. प्रत्येक वेळी मैदानं शोधली, म्हाताऱ्यांना विचारलं. छावणीतल्या माणसाला फुटबॉलच्या पंचाचा पत्ता कशाला हवा, हे त्यांना समजेना.

किसन कायम झाला. पुढं मुकादम झाला, युनियनचा पुढारी झाला, आता किसनराव झाला. शहराचं नाव बदललं, जिनिंग बंद पडली, पण खेळाच्या बक्षीस समारंभांत अध्यक्षाची खुर्ची त्याचीच असते. त्याच्या चढण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गरिबाच्या पोरानं कायम होण्यासाठी एक बोट मोडून घेतलं, सोसलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोलात उभं राहिलं. मी त्याच्या जागी असतो तर दोन मोडून घेतली असती. तो घाबरला आणि खोटं बोलला, हेही मी केव्हाच पोटात घातलं होतं. या प्रकरणात त्याचं नाव न घालण्याचा माझा विचार होता.

पण गेल्या महिन्यात एका शाळेच्या समारंभात मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि हा माणूस पोरांना प्रामाणिकपणावर सांगत होता. म्हणाला, आमच्या काळी पंचसुद्धा रुमालाखाली विकले जायचे, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, पण आम्ही पोरं विकले गेलो नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो, ओरडलोही, पण माझा आवाज आता पूर्वीचा राहिलेला नाही आणि एका शिक्षिकेनं मला पाणी हवंय असं समजून बाटली आणून दिली.

तेव्हा किसनराव, इथं छापून विचारतो. मी ओरडलो, ती माझी चूक, आणि त्या कागदावर त्याच दिवशी मी सही केली आहे. कागद माझ्याकडं आहे, कुणालाही दाखवतो. तुम्ही काय पाहिलंत? तुमच्या डोळ्यांसमोर कोण विकलं गेलं, कुणाला, आणि कशाच्या बदल्यात? त्या शाळेतली पोरं अजून तिथंच आहेत. त्यांच्यासमोर परत उभे राहा, उजवा हात वर करा, ते वाकडं राहिलेलं मधलं बोट त्यांना दाखवा आणि ते कुणी चाचपलं होतं ते नाव घेऊन सांगा. मी पहिल्या रांगेत येऊन बसतो. बोला.